आलेखाखालच्या तारखांकडेही लक्ष असावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाऊस, धरणांतील पाणी, मासळी, पर्यटक, भाजीचे दर अशा विषयांवरचे आलेख अलीकडे मराठी दैनिकांतून वरचेवर छापून येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. या आलेखांच्या आडव्या अक्षाखाली ज्या तारखा, महिने आणि वर्षे लिहिलेली असतात, त्यांच्याविषयी मला काही सांगायचे आहे. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. मुलांनी पायथॉन किंवा आर या संगणकाच्या भाषांत कोड लिहून काढलेले आलेख तपासणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की आलेखातील रेषेपेक्षा तिच्याखालची तारीखच अधिक वेळा चुकते आणि ती चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आलेख-कागदावर पेन्सिलीने आलेख काढला जाई तेव्हा प्रत्येक महिन्याचे नाव काढणाऱ्याला आपल्या हाताने लिहावे लागे, त्यामुळे कुठला महिना कुठे बसतो याचा विचार आपोआप होई. आता ते काम प्रोग्राम परस्पर उरकतो. आपण काही सांगितले नाही तर तो आपल्या ठरलेल्या सवयीने तारखा मांडतो, आणि या सवयी इंग्रजी लेखनाच्या, त्यातही पुष्कळदा अमेरिकी पद्धतीच्या असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. बारावीच्या एका गटाने प्रकल्पासाठी २०२१ सालचा रोजचा पाऊस निवडला होता. मुलांनी वर्षभराच्या कात्रणांवरून आकडे एका फाईलमध्ये भरले, तारखा आपल्या नेहमीच्या रीतीने आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशा लिहिल्या, आणि पायथॉनमधील पांडाज या लायब्ररीकडून, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाकडून, ती फाईल वाचून घेऊन मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने आलेख काढला. आलेख दिसायला व्यवस्थित होता. जून ते सप्टेंबर उंच काठ्या, मे महिन्याच्या मध्यावर ठळक वाढ, आणि उरलेल्या महिन्यांत मधूनमधून काही काठ्या. मेमधली वाढ खरीच होती, कारण त्या वर्षी १५ आणि १६ मेच्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले होते. त्यामुळे इतर महिन्यांतला पाऊसही अवकाळी असावा असे मुलांनी गृहीत धरले आणि अहवालात तसे एक वाक्यही लिहिले. अक्षाखाली फक्त महिन्यांची नावे होती, म्हणून त्यापुढे कोणाला काही दिसण्यासारखे नव्हते. मी त्यांना जानेवारी ते मार्च एवढाच भाग मोठा करून त्याखाली रोजची तारीख लिहायला सांगितली, तेव्हा असे दिसले की तिन्ही महिन्यांत पाऊस ६, ७, ८ आणि ९ याच तारखांना पडला होता. नोव्हेंबर-डिसेंबरकडे पाहिले तर तिथेही त्याच तारखा.

कारण असे होते. आपण १/६/२०२१ लिहितो तेव्हा आपल्या मनात १ जून असतो. प्रोग्रामने मात्र ती ६ जानेवारी म्हणून वाचली. २/६ ही ६ फेब्रुवारी झाली, १/७ ही ७ जानेवारी झाली, १/९ ही ९ जानेवारी झाली. तेरावा महिना अस्तित्वात नसल्यामुळे १३/६ पासून पुढच्या तारखा प्रोग्रामने बिनचूक वाचल्या. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले गेले आणि उरलेले जागच्या जागी राहिले. गोव्यात मान्सून साधारणपणे ५ जूनच्या आसपास पोहोचतो. या आलेखात १ ते ५ जूनच्या जागी ६ जानेवारी, ६ फेब्रुवारी, ६ मार्च, ६ एप्रिल आणि ६ मे या दिवसांचे आकडे जाऊन बसले होते. पाऊस कधी सुरू झाला, हा मुलांच्या प्रकल्पाचा मुख्य प्रश्न होता आणि नेमके त्याचेच उत्तर चुकले. पांडाजच्या जुन्या आवृत्त्या प्रत्येक ओळीचा स्वतंत्र अंदाज बांधत, म्हणून हे घडू शकले. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून पहिल्या तारखेवरून एकच साचा ठरवला जातो आणि पुढची एखादी तारीख त्यात बसली नाही तर प्रोग्राम तिथेच अडतो. हा बदल चांगला आहे. पण अनेक शाळांच्या आणि कार्यालयांच्या संगणकांवर अजून जुन्या आवृत्त्या आहेत. दिवस आधी आहे हे प्रोग्रामला एका शब्दात सांगता येते, किंवा तारखेचा पूर्ण साचा लिहून देता येतो. त्याहून चांगले म्हणजे फाईलमध्ये तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानेच साठवावी. १९८८ पासून असलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हाच क्रम आहे आणि त्यात संदिग्धता उरत नाही. वाचकाला दाखवताना ती पुन्हा आपल्या रीतीने लिहिणे हे वेगळे काम आहे. साठवण्याची तारीख आणि दाखवण्याची तारीख या दोन गोष्टी एकच समजल्या जातात, तिथेच बहुतेक गोंधळांचे मूळ असते.

दाखवण्यासाठी या सर्व भाषांत एक छोटी सांकेतिक लिपी वापरतात. टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे एक इंग्रजी अक्षर अशी तिची रचना आहे. लहान ‘डी’ म्हणजे दिवस, लहान ‘बी’ म्हणजे महिन्याचे संक्षिप्त नाव, मोठा ‘बी’ म्हणजे पूर्ण नाव, मोठा ‘वाय’ म्हणजे चार अंकी वर्ष आणि लहान ‘वाय’ म्हणजे दोन अंकी. लहान ‘एम’ महिन्याचा क्रमांक देतो, मोठा ‘एम’ मिनिटे देतो. रोजच्या आकड्यांत वेळ नोंदलेली नसते, म्हणून प्रोग्राम ती मध्यरात्रीची धरतो. अशा वेळी चुकून मोठा ‘एम’ लिहिला गेला तर अक्षाखाली सगळीकडे महिन्याच्या जागी शून्य शून्य उमटते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दोन अंकी वर्षाची चूक त्याहून घातक आहे. पायथॉनची तारीख वाचणारी मूळ सोय ६९ ते ९९ हे आकडे १९६९ ते १९९९ असे वाचते आणि ०० ते ६८ हे आकडे २००० ते २०६८ असे. आता गोव्याच्या इतिहासातील दोन तारखा घ्या. घटक राज्याचा दर्जा मिळाला ती ३०-५-८७ ही तारीख १९८७ म्हणून बरोबर वाचली जाईल; मुक्तीची १९-१२-६१ ही तारीख मात्र १९ डिसेंबर २०६१ होईल, आणि कालरेषेवर राज्य आधी आणि मुक्ती त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी दिसेल. जुनी कागदपत्रे, जन्मनोंदी, जमिनीचे दस्तऐवज यांचे आकडे संगणकात भरताना वर्षाचे चारही अंक लिहिले जावेत, यावर मी मुलांशी अजिबात तडजोड करत नाही.

याहून सूक्ष्म चूक होते ती तारीख ही तारीख न राहता नुसता मजकूर राहिल्यामुळे. प्रोग्रामला जोवर ‘जून’ हा काळातला एक टप्पा आहे हे माहीत नसते, तोवर त्याच्या लेखी तो आंबा, काजू, नारळ अशा नावांसारखा एक शब्द असतो. मग दोन खुणांमधील अंतर काळाच्या प्रमाणात राहत नाही, आणि जो महिना आकडेवारीत नाही तो अक्षावरूनही नाहीसा होतो. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ट्रॉलरांनी उतरवलेल्या मासळीच्या फाईलमध्ये या दोन महिन्यांच्या ओळीच नसतील, तर मजकुराच्या अक्षावर मे संपताच ऑगस्ट येतो आणि दोन्ही बिंदू जोडणारी रेषा अखंड धावते. बंदी होती हेच आलेखातून पुसले जाते. खरी तारीख दिली तर दोन महिन्यांची मोकळी जागा आपोआप राहते. तरीसुद्धा प्रोग्राम त्या जागेवरून तिरकी रेषा ओढतोच, म्हणून बंदीच्या दिवसांसाठी ‘आकडा नाही’ अशी नोंद मुद्दाम भरावी लागते, म्हणजे रेषा ३१ मे रोजी तुटते आणि १ ऑगस्टपासून पुन्हा सुरू होते. शून्य भरले तर ते वेगळेच विधान होईल. नौका समुद्रात गेल्या आणि रिकाम्या परतल्या, असा त्याचा अर्थ निघेल.

मजकूर म्हणून दिलेल्या महिन्यांचा क्रमही हातात राहत नाही. आर भाषेतील जीजीप्लॉट ही लोकप्रिय लायब्ररी शब्दांना वर्णानुक्रमे लावते, म्हणून इंग्रजी नावे दिली तर एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी अशी रांग लागते. मराठी नावे दिली तर एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून असा क्रम येतो. जून-जुलै शेजारी आल्यामुळे घाईने पाहणाऱ्याला काही वावगे वाटत नाही, आणि म्हणून मराठीतली ही चूक इंग्रजीतल्यापेक्षा अधिक फसवी आहे. दिवसांचा क्रम बिघडल्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे मे २०२० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जगाने पाहिले. तेथील आरोग्य विभागाने कोविड रुग्णांचा एक आलेख प्रसिद्ध केला. त्यात दिवस कालक्रमाने न लावता रुग्णसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावलेले होते, त्यामुळे साथ ओसरत असल्याचे चित्र उभे राहिले. अक्षाखालच्या तारखा बारकाईने वाचणाऱ्यांनाच ते कळले. टीका झाल्यावर आलेख दुरुस्त करण्यात आला. त्या तारखा खाली लिहिलेल्या नसत्या तर हे उघडकीस आले नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

आपल्याकडच्या सरकारी आकडेवारीत सर्वांत जास्त गोंधळ आर्थिक वर्षाचा होतो. एप्रिल ते मार्च हे आपले वर्ष प्रोग्रामला ठाऊक नसते. तो जानेवारी ते मार्च हीच पहिली तिमाही समजतो. आपले वर्ष एप्रिलपासून सुरू होते हे त्याला सांगावे लागते, आणि सांगण्याची सोय पांडाजमध्ये आहे. परंतु खाणकामाच्या आकड्यांवर काम करताना मला जे आढळले ते याच्याही पुढचे होते. वर्षे २००९-१०, २०१०-११, २०११-१२ अशी लिहिलेली होती. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ष आणि महिना यांच्यामध्येही अशीच आडवी रेघ येते, म्हणून प्रोग्रामने २००९-१० म्हणजे ऑक्टोबर २००९, २०१०-११ म्हणजे नोव्हेंबर २०१० आणि २०११-१२ म्हणजे डिसेंबर २०११ असा अर्थ लावला. २०१२-१३ वर तो थांबला, कारण तेरावा महिना नाही. एकविसाव्या शतकाची पहिली बारा आर्थिक वर्षे, २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतची, सगळीच अशी महिने म्हणून वाचली जाऊ शकतात. दर खेपेस बिंदू तेरा महिन्यांच्या अंतरावर पडतो, तरी आलेखाचा आकार जवळजवळ बरोबर दिसतो आणि कोणालाही शंका येत नाही.

शिवाय २०१२-१३ हे वर्ष गोव्यासाठी साधे नाही. त्या वर्षी राज्य सरकारने सप्टेंबरमध्ये खाणकाम थांबवले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली. म्हणजे त्या आर्थिक वर्षातले जे काही उत्पादन आहे ते पहिल्या पाच-सहा महिन्यांचे. जागा वाचवण्यासाठी कोणी अक्षाखाली नुसते २०१२ लिहिले तर बंदीनंतरही खाणी चालू राहिल्याचा भास होत नाही. पण वर्ष संपते त्या सालाने ओळखण्याच्या रीतीप्रमाणे २०१३ लिहिले तर बंदीच्या ऐन काळात खनिज निघत होते असे चित्र दिसते. दोन्ही रीती प्रचलित आहेत. ज्या प्रश्नावर या राज्यात इतकी वर्षे वाद चालू आहे, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर ज्यावर हजारो कुटुंबांचे पोट अवलंबून राहिले, त्या प्रश्नाच्या आलेखात वर्षाचे दोन्ही आकडे लिहिण्याचा कंटाळा कोणी करू नये.

आता अक्षाखाली किती तारखा लिहाव्यात याविषयी. कोड लिहिणाऱ्याने दोन निर्णय वेगवेगळे घ्यायचे असतात. खूण कुठे करायची हा एक, आणि त्या खुणेखाली काय लिहायचे हा दुसरा. मॅटप्लॉटलिबमध्ये या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र घटक आहेत; त्यांना अनुक्रमे लोकेटर आणि फॉर्मॅटर म्हणतात. मुले पहिल्याकडे दुर्लक्ष करून दुसऱ्यालाच हात घालतात. स्वतः लिहिलेली बारा नावे जशीच्या तशी अक्षाला चिकटवतात; मग प्रोग्रामने आपल्या हिशेबाने आठच खुणा केल्या असतील तर ‘एप्रिल’ हे नाव जूनच्या खुणेखाली जाऊन बसते. आणि रोजच्या तारखांची गर्दी होऊन खाली काळा पट्टा उमटला की सगळे जण एकच उपाय करतात, अक्षरे तिरकी किंवा उभी करतात. मला हा उपाय पसंत नाही. रोमन अक्षरे तिरकी असली तरी कशीबशी वाचता येतात. देवनागरीत शिरोरेषा आणि वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींत अडकतात आणि वर्तमानपत्राच्या कागदावर तर त्यांचा डाग होतो. अक्षरे आडवीच ठेवून तारखा कमी कराव्यात. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये डेन्मार्क व नॉर्वेशी चाललेल्या इंग्लंडच्या व्यापाराचा जो प्रसिद्ध आलेख छापला, त्यात १७०० ते १७८० हा काळ आहे, आणि खाली आकडे दर दहा वर्षांनीच आहेत. कुठेही काही कमी वाटत नाही.

महिन्याचे नाव नेमके कुठे लिहावे, हेही महत्त्वाचे आहे. प्रोग्राम खूण १ तारखेला करतो आणि नाव तिच्या बरोबर खाली लिहितो. आपण मात्र ते नाव महिन्याच्या मध्याचे समजतो, त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला पाऊस जुलैच्या नावाजवळ दिसतो. खुणा १ तारखेला ठेवाव्यात आणि नावे १५ तारखेच्या सुमारास लिहावीत. त्यासाठी दोन प्रकारच्या खुणा कराव्या लागतात, पण काम चार-पाच ओळींचेच आहे. वर्ष प्रत्येक महिन्यासोबत लिहिण्याची गरज नाही; ते जिथे बदलते तिथे लिहावे. मॅटप्लॉटलिबच्या २०१९ मधील ३.१ या आवृत्तीपासून असा संक्षिप्त फॉर्मॅटर तयार मिळतो आणि तो चांगला आहे. फक्त काही वेळा तो वर्ष अक्षाच्या उजव्या टोकाला, अगदी कोपऱ्यात लिहितो. पानात बसवताना चित्राची कड कापली जाते तेव्हा हे वर्षच कापले जाते आणि उरलेला आलेख कोणत्या सालाचा हे कोणालाच सांगता येत नाही. पानरचना करणाऱ्यांनी हा कोपरा सांभाळावा, अशी माझी खास विनंती आहे.

महिन्यांची नावे मराठीत असावीत, हे मराठी दैनिकाला सांगण्याची गरज भासू नये. तरीही आलेखांत इंग्रजी नावे राहून जातात, आणि याचे कारण आळस नाही हे मी जाणते. जगभरातील भाषांची तारखा लिहिण्याची पद्धत युनिकोड या जागतिक अक्षर-मानकाच्या सामायिक संग्रहात नोंदलेली आहे आणि त्यात मराठीची संक्षिप्त नावेही आहेत: जाने, फेब्रु, मार्च, एप्रि, मे, जून, जुलै, ऑग, सप्टें, ऑक्टो, नोव्हें, डिसें. ब्राउझरमध्ये आलेख काढणाऱ्या जावास्क्रिप्टला भाषा मराठी असल्याचे सांगितले की ही नावे आणि देवनागरी अंकही मिळतात. अडचण येते ती मॅटप्लॉटलिबमध्ये. त्याच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत, म्हणून नुसते चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट दिला तर अक्षरे येतात. परंतु जोडाक्षरे जुळवण्याचे आणि वेलांटी योग्य बाजूला नेण्याचे काम, आज बहुतेकांच्या संगणकांवर असलेल्या त्याच्या आवृत्त्या करत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांनी बाराही महिने छापून पाहिले. जाने, मे, जून, जुलै आणि ऑग ही पाच नावे शाबूत आली, कारण त्यांत जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. उरलेली सात मोडली. मार्चचा रफार खाली उतरून र पाय मोडून उभा राहिला, डिसेंबरची वेलांटी ड च्या उजवीकडे गेली, फेब्रुवारीचे ब आणि र वेगळे झाले. हे पाहून पुष्कळ जण इंग्रजीकडे वळतात. त्याची गरज नाही. आलेख एसव्हीजी या चित्र-फाईलच्या स्वरूपात साठवताना मजकुराचे आकारांत रूपांतर न करता तो मजकूरच ठेवण्याचा पर्याय मॅटप्लॉटलिबमध्ये आहे; मग ती फाईल ब्राउझरमध्ये उघडली की नावे शुद्ध दिसतात. आर वापरणाऱ्यांसाठी ‘रॅग’ नावाचे पॅकेज आहे, ते जोडाक्षरे नीट जुळवते. पाने लावणाऱ्यांना तर अक्षाखालची नावे हाताने टाकणेही अवघड नाही, फक्त खुणांच्या जागा आधी पक्क्या हव्यात.

शेवटी एक असा मुद्दा, ज्यावर कोणतीही तयार लायब्ररी आपल्याला मदत करणार नाही. चवथीच्या दिवसांत नारळ, भाजी, माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामान यांचे दर कसे चढतात, यावर दरवर्षी बातम्या येतात आणि आदल्या वर्षाशी तुलना होते. दोन्ही वर्षांच्या रेषा एकाच ऑगस्ट-सप्टेंबरच्या अक्षावर ठेवल्या जातात. पण गणेश चतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दोन वर्षांत ती तेवीस दिवस अलीकडे आली. अशा अक्षावर तुलना केली तर ऑगस्टअखेरीस दर भडकले आणि सप्टेंबरात कोसळले, असा निष्कर्ष निघतो, आणि बाजारात तसे काही झालेलेच नसते. चवथ फक्त लवकर आलेली असते. अशा आलेखाचा अक्ष चवथीपासून मोजावा. मध्ये ‘चवथ’ लिहावे, डावीकडे ‘१० दिवस आधी’, ‘२० दिवस आधी’, उजवीकडे ‘१० दिवस नंतर’. कोडमध्ये हे एका वजाबाकीचे काम आहे. शिगमो, दिवाळी, रमजान यांच्याशी निगडित असलेल्या प्रत्येक आकड्याला हे लागू आहे, आणि आपल्या समाजाचे व्यवहार ज्यांना घरातून माहीत आहेत अशा मराठी पत्रकारांनी हे केले नाही तर दुसरे कोण करणार?

गोव्यात सरकारी योजनेतून मुले आता शालेय वयातच कोडिंग शिकू लागली आहेत. त्यांच्यापुढे रोज येणारा आलेख बहुधा वर्तमानपत्रातलाच असतो, म्हणून आपल्याकडे एक छोटी, करता येण्याजोगी मागणी करते. पावसाळ्यात वाळपई, सांगे, पेडणे, पणजी अशा केंद्रांचा रोजचा पाऊस आपण देता. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजला जातो आणि तो ज्या तारखेला संपतो तिच्या नावावर लिहिला जातो. १५ जूनच्या नावावर लिहिलेला पाऊस बहुतांशी १४ जूनच्या दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा असतो. वाचकाला आठवत असते की घरात पाणी शिरले ते १४ तारखेच्या रात्री, आणि आलेखात उंच काठी दिसते ती १५ तारखेवर. येत्या १ जूनपासून या आलेखाच्या आडव्या अक्षाखाली, तारखांच्या लगेच खालच्या ओळीत, ‘त्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास’ एवढे शब्द छापावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक संगणकशास्त्र शिक्षिका
फोंडा, गोवा